सुपरचार्जर लावायला जुनी स्पोर्ट्स कार निवडताय? सोलापूरच्या उन्हात काय काय बघायचं ते

सुपरचार्जरचं खूळ डोक्यात शिरलं की माणूस आधी यूट्यूबवर ब्लोअरच (म्हणजे सुपरचार्जरच) बघत बसतो, ईटन कंपनीचा घेऊ का रोट्रेक्सचा घेऊ, आवाज कसा येतो, किती एचपी वाढते, आणि गाडीचं विचारलं तर "बघू की, मिळेल कुठली तरी". हे उलटं झालं. ब्लोअर काय, पैसे टाकले की खोक्यातून घरी येतो. गाडी एकदा चुकीची घेतली की मग ती पोर्चमध्ये ताडपत्रीखाली, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण विचारणार "चालू झाली का ओ?"

माझं म्हणणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकतो. जी गाडी सुपरचार्जर नसताना मे महिन्यात भर दुपारी सात रस्त्याला उभी राहून टेंपरेचरचा काटा हलू देत नाही, तीच निवडायची. दिसायला कशी, कुठल्या सालची, किती दुर्मिळ, ते सगळं नंतर.

आधी थोडक्यात, हे यंत्र करतं काय

साधं इंजिन पिस्टन खाली गेला की जेवढी हवा आत येईल तेवढ्यावर चालतं. सुपरचार्जर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरणाऱ्या दांड्याच्या) पुलीवरून पट्ट्यानं फिरतो आणि हवा आत कोंबतो, जास्त हवा आली की जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणून ताकद वाढते. टर्बो एक्झॉस्टच्या गॅसवर फिरतो, हा डायरेक्ट इंजिनावर, म्हणून याला थांबायला लागत नाही, पाय दिला की ओढ लगेच. बदल्यात हा इंजिनाचीच थोडी ताकद खातो.

प्रकार तीन. रूट्स म्हणजे दोन रोटर एकमेकात फिरतात, खालच्या आरपीएमपासूनच बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, मिळतो, पण हवा जास्त तापते. ट्विन स्क्रू तसाच दिसतो, पण हवा आतच दाबतो, कमी तापवतो, महाग पडतो. सेंट्रिफ्युगल म्हणजे टर्बोचाच अर्धा भाग पट्ट्यावर लावलेला, त्याचा बूस्ट आरपीएमसोबत चढत जातो, वर मजा, खाली काही नाही. आपल्या गावात ५००० आरपीएमला गाडी न्यायला रस्ता कुठंय, त्यामुळं जुन्या कमी आरपीएमच्या इंजिनाला मला तरी छोटा रूट्सच बरा वाटतो, ईटनच्या एम४५ सारखा. २००२ ते २००६ च्या मिनी कूपर एसवर तोच यायचा.

ऑनलाइन दोन-तीन हजारात "इलेक्ट्रिक सुपरचार्जर" मिळतो, त्याचा विषय इथंच संपवू. १८०० सीसीच्या इंजिनाला ५५०० आरपीएमला ६ पीएसआय (दाब मोजायचं माप) बूस्ट द्यायचा तर हवा दाबायलाच ५ किलोवॅटच्या आसपास ताकद लागते, म्हणजे साधारण सात हॉर्सपॉवर. १२ व्होल्टवर ते ४०० अँपिअरच्या वर जातं. जुन्या गाडीचा डायनॅमो किंवा अल्टरनेटर ३०-४० अँपिअरचा. आता तो प्लॅस्टिकचा पंखा काय दाबणार ते तुम्हीच बघा.

पायरी १: आरसी बुक, बॉनेट उघडायच्या आधी

हे कंटाळवाणं वाटतं पण इथं पैसे लागत नाहीत, फक्त डोळे लागतात, म्हणून हे पहिलं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं, त्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सीएनजीचं जसं मान्यताप्राप्त किट बसवून आरसीवर चढवतात तशी सर्रास सोय सुपरचार्जरला नाही. "आमच्या एमएच १३ मध्ये कोण बघतंय" हे मलाही ऐकवलं जातं, पण पोलिसानं बघितलं नाही तरी अपघात झाल्यावर इन्शुरन्सचा सर्व्हेअर बॉनेट उघडून बघतोच, आणि समोरच्याला लागलं असेल तर मग विषय दंडाचा राहत नाही. म्हणून आधीच ठरवा की ही गाडी रस्त्यावरची का ट्रॅकची. ट्रॅकवर न्यायची असेल, कोईमतूरचा कारी किंवा चेन्नईचा इरुंगट्टुकोट्टई, तर ट्रेलरवर न्यायची. रस्त्यावरच पाहिजे असेल तर शोरूममधनंच सुपरचार्जर घेऊन आलेली गाडी बघायची, त्याचं खाली सांगतो.

दुसरी गोष्ट, ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेजचे वेगळे नियम आहेत, नंबरात "व्हीए" अक्षरं येतात, नोंदणीची फी २०,००० रुपये. ऐकायला भारी वाटतं. पण त्यात चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही, आणि अशी गाडी रोजच्या वापरालाही काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. म्हणजे व्हीए नंबर पाहिजे असेल तर ब्लोअर विसरा, आणि ब्लोअर पाहिजे असेल तर एखादी ओरिजिनल, इंजिन नंबर जुळणारी जुनी गाडी कृपा करून कापू नका. जॅग्वार ई-टाइपसारखी गाडी हाताशी आली तर ती आहे तशी ठेवायची, तिच्यावर असले प्रयोग करणाऱ्याला मी तरी चहा पाजणार नाही.

आरसीवरचा चॅसिस नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर स्वतः टॉर्च मारून वाचा, बोटानं रंग खरवडून वाचा. पत्र्यावर वेल्डिंगची रेघ दिसली, अक्षरं वरखाली दिसली, की उठा. जुन्या बुकांची नोंद कित्येकदा वाहन पोर्टलवर चढलेलीच नसते, ती चढवून देणं विकणाऱ्याचं काम, तुमचं नाही. हैदराबाद किंवा कर्नाटकची गाडी असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. आणि "माझदा एमएक्स-५ आहे, कागद नंतर देतो" असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून या, कारण ती गाडी कंपनीनं इथं कधी विकलीच नाही आणि तीन वर्षांपेक्षा जुनी सेकंडहँड गाडी साध्या मार्गानं इम्पोर्ट होत नाही, मग ती आली कशी हा प्रश्न पुढं आरटीओ तुम्हाला विचारणार.

पायरी २: कुठल्या गाड्या डोळ्यासमोर ठेवायच्या

जगात या कामाला सगळ्यात सोपी गाडी कुठली तर तीच एमएक्स-५, १९८९ ची पहिली पिढी, १६०० सीसी, कॉम्प्रेशन (पिस्टन आतली हवा किती पट दाबतो ते) ९.४, मागच्या चाकांना ताकद, बॉनेटखाली जागा, आणि हिच्यासाठी तयार किट आली. परदेशात राहणारा भाऊ किंवा मेहुणा असेल तर त्याला सांगा. आपण आपल्याकडचं बघू.

एमजीबी. १९६२ ते १९८० बनली, १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन. आता गंमत बघा, आपल्या जुन्या पेट्रोल अँबेसिडरमधलं १४८९ सीसीचं इंजिन त्याच बीएमसी बी-सिरीज घराण्यातलं. म्हणजे ज्या म्हाताऱ्या फिटरनं सगळी हयात अँबेसिडरचे टॅपेट सेट करण्यात घालवली त्याला एमजीबीचं इंजिन दाखवा, तो विचारणार पण नाही, सरळ फीलर गेज काढेल. असा माणूस जवळ असणं हीच अर्धी लढाई, कारण शोरूमच्या पोरांना लॅपटॉप लावायला जागा नसली की काही सुचत नाही. पण एमजीबीत एक बघायचं: १९६४ च्या शेवटापर्यंतच्या इंजिनात क्रँकला धरायला तीनच मेन बेअरिंग, त्यानंतर पाच. ब्लोअर लावायचा तर पाचवालंच. एमजी मिजेटमधलं छोटं ए-सिरीज तर कायम तीन बेअरिंगचं, त्यावर लोकं लावतात, चालतं पण, मी मात्र नवख्याला सांगणार नाही. या दोन्ही इंजिनात मधल्या दोन सिलिंडरचा एक्झॉस्ट एकाच पोर्टातून निघतो, तो भाग मुळातच जास्त तापतो, बूस्टमध्ये आणखी तापणार, हे डोक्यात ठेवून बूस्ट कमी धरायचा.

ट्रायम्फ स्पिटफायर आणि टीआर६. स्पिटफायर ज्या हेराल्डच्या चॅसिसवरून निघाली ती हेराल्ड मद्रासला स्टँडर्ड कंपनी बनवायची, म्हणून खालचं काही सामान अजून सापडतं. टीआर६ म्हणजे अडीच लिटर, सहा सिलिंडर, आवाज ऐकून माणूस आरसी बघायचं विसरतो. दोघींचं दुखणं एकच, क्रँकचे थ्रस्ट वॉशर, म्हणजे क्रँक पुढंमागं सरकू नये म्हणून बसवलेल्या चकत्या. ते कसं तपासायचं ते पुढं पायरी ६ मध्ये.

कॉन्टेसा. स्पोर्ट्स कार नाहीये, मान्य. पण मागच्या चाकांना ताकद, लांबलचक बॉनेट, इसुझूचं १८०० सीसी पेट्रोल इंजिन, आणि तेच इंजिन अँबेसिडरमध्ये पण आलं त्यामुळं सामान मिळतं. आपल्या पिढीला पिक्चरमधल्या व्हिलनची गाडी म्हणून ही आवडते आणि मला विचाराल तर सोलापुरात बसून पहिला प्रोजेक्ट करायचा असेल तर हीच. चुकली तरी जगातून एखादी दुर्मिळ गाडी कमी झाली असं होत नाही.

सॅन स्टॉर्म, गोव्याची टू-सीटर, फायबरची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन. दिसायला गोड. बॉनेटखाली जागा नाही, सामानाची बोंब. पुढं चला.

आणि ज्यांना हे सगळं कायद्यात बसवून रस्त्यावर चालवायचंय त्यांच्यासाठी मर्सिडीज. सी २०० कॉम्प्रेसर, किंवा नशीब असेल तर एसएलके. "कॉम्प्रेसर" म्हणजे कंपनीनंच सुपरचार्जर लावून दिलेली, आरसीत घोळ नाही. क्लासिक म्हणायला अजून वेळ आहे, पण एसएलकेचं ते दुमडणारं छत बघून कोणी वाद घालत नाही. इथं मेकॅनिक पुण्याचा लागेल एवढं धरून चाला.

पायरी ३: कॉम्प्रेशनचा हिशोब, कागदावर

हा अंदाजाचा हिशोब आहे, इंजिनिअर लोक नाक मुरडतील, पण गाडी निवडायला पुरतो. बूस्ट भागिले १४.७ (समुद्रसपाटीला हवेचा दाब, पीएसआयमध्ये), त्यात १ मिळवा, त्याला इंजिनाच्या कॉम्प्रेशननं गुणा. ६ पीएसआयला ते १.४१ येतं. म्हणजे ८ चं कॉम्प्रेशन असेल तर ११.३, एमजीबीचं ८.८ असेल तर १२.४, एमएक्स-५ चं ९.४ असेल तर १३.२, आणि हल्लीचं साडेदहाचं इंजिन असेल तर १४.८. कार्बोरेटर आहे, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) नाही, अशा जुन्या गाडीत मी १२ च्या आत राहायला सांगतो. एमजीबीला ५ पीएसआयवर थांबलं की ११.८ होतं. बस. यूट्यूबवरचा अमेरिकन १० पीएसआय लावतो, लावू दे, त्याचं पेट्रोल वेगळं, त्याचं हवामान वेगळं, त्याच्याकडं दुसरं इंजिन शेडमध्ये पडलेलं असतं.

टोयोटानं स्वतः काय केलं ते बघा. एमआर२ मधलं ४ए-जीई इंजिन साधं, १९८६ ला त्याचं सुपरचार्जरवालं ४ए-जीझेडई काढलं तेव्हा कॉम्प्रेशन ८ वर आणलं आणि पिस्टन फोर्ज्ड टाकले. ज्या कंपनीनं इंजिन बनवलं तीच पिस्टन बदलते, आणि आपण जुन्या झिजलेल्या पिस्टनवर ब्लोअर ठेवणार म्हणजे पायाच कच्चा आणि वर दुसरा मजला.

आणि हा वाद जुनाच आहे बरं का. १९२९-३० च्या सुमारास बेंटलेच्या साडेचार लिटर गाडीला टिम बर्किननं सुपरचार्जर लावायला लावला, खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटलेला ते पसंत नव्हतं, त्याचं म्हणणं ताकद पाहिजे तर इंजिन मोठं करा. १९३० च्या ले मान्सला ब्लोअरवाल्या गाड्या बंद पडल्या आणि मोठ्या इंजिनची स्पीड सिक्स जिंकली. पण त्याच वर्षी फ्रेंच ग्रांप्रीत बर्किन ती अगडबंब ब्लोअर घेऊन दुसरा आला. दोघंही बरोबर होते असं मला वाटतं, आपण फक्त ले मान्सचा भाग लक्षात ठेवायचा.

पायरी ४: उष्णता. हीच खरी परीक्षा

हवा दाबली की तापते, पंपानं सायकलीत हवा भरली की पंप गरम लागतो तेच. आता सोलापूरचे आकडे टाकू. बाहेर ४२ अंश, बूस्ट ६ पीएसआय, साधा रूट्स ब्लोअर साधारण ६० टक्के एफिशियन्सीचा. आपण समुद्रापासून साडेचारशे मीटरच्या वर आहोत म्हणून हवेचा दाबही मुंबईपेक्षा थोडा कमी, १३.९ पीएसआयच्या आसपास. गणित केलं तर ब्लोअरमधून बाहेर पडणारी हवा ९८ अंशाला पोचते. इंजिनात पाणी उकळायच्या तापमानाची हवा चाललीय! जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात, सकाळी २० अंशाला हाच आकडा ७२-७३ येतो. म्हणजे जी गाडी जानेवारीत मस्त पळाली तीच गाडी मेमध्ये नॉक करणार. नॉकिंग म्हणजे ठिणगीनं लावलेली ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल स्वतःच भडकतं, डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, आणि तो आवाज ऐकूनही पाय काढला नाही तर पिस्टनला भोक. आणि वर हिशोब धरलाय बाहेरच्या हवेचा, बॉनेटखालचीच हवा ओढली तर सुरुवातच ६० पासून.

त्यामुळं गाडी बघताना हे बघायचं:

रेडिएटरच्या पुढं किती जागा आहे. इंटरकूलर, जास्तीचा पंखा, ऑइल कूलर यातलं काही बसतंय का. एअर फिल्टर लोखंडी जाळीच्या मागं, बाहेरची हवा लागेल असा नेता येतो का. नसेल तर गाडी कितीही देखणी असो, उन्हाळ्यात नुसती बघायची.

रेडिएटरचं झाकण थंड असताना उघडा आणि बोट आत घाला. हे आपल्या गावचं स्पेशल आहे. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं म्हणून कित्येक वर्षं लोकांनी रेडिएटरात बोअरचंच पाणी ओतलेलं असतं, आणि बोअरचं पाणी म्हणजे क्षार. बोटाला पांढरी खरखरीत पापडी लागली की समजायचं आत नळ्या निम्म्या बुजल्यात, आणि जे रेडिएटरात आहे तेच ब्लॉकच्या पाण्याच्या जागेत पण आहे, तिथं बोट जात नाही एवढंच. तांबडं गंजाचं पाणी निघालं तर ब्लॉकमधला वेल्च प्लग (भोकाला लावलेली पत्र्याची टोपी) काढून बघितल्याशिवाय बोलणी पुढं न्यायची नाहीत. हिरवं किंवा गुलाबी स्वच्छ कूलंट दिसलं तर मालकाला मनातल्या मनात नमस्कार करा.

मग गाडी काढा. दुपारी दोन-तीनला, नवी पेठेतून मधला मारुतीकडं, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत. काटा मध्यावर राहिला पाहिजे. मग पुणे रोडला मोहोळच्या दिशेनं सलग तिसऱ्या-चौथ्यात जोर देऊन. गर्दीत तापली आणि हायवेला थंड झाली तर पंख्याचा विषय, स्वस्तात सुटतो. गर्दीत ठीक आणि हायवेला जोर दिला की तापते, तर रेडिएटर बुजलाय किंवा हेड गॅस्केट गेल्यामुळं गाडी पाणी पितेय, खर्चाचं काम. विकणारा म्हणेल "सकाळी या ओ, उन्हात कशाला". उन्हातच जा.

पायरी ५: पुली कुठं बसणार

ही गोष्ट नवीन लोक विसरतात. ब्लोअर नुसता बॉनेटखाली मावला की झालं असं नसतं, त्याची पुली क्रँकच्या पुलीच्या एका रेषेत यायला पाहिजे, मिलिमीटरमध्ये. कॉन्टेसासारख्या लांब बॉनेटात आडवंतिडवं ब्रॅकेट करून जमतं, आडव्या इंजिनच्या गाडीत पुली आणि बॉडीच्या पत्र्यात चार बोटं पण नसतात.

गणित सोपं आहे. क्रँकची पुली १५० मिमी, ब्लोअरची १०० मिमी, म्हणजे दीडपट. इंजिन ५००० ला तर ब्लोअर ७५०० ला. १८०० सीसीच्या इंजिनाला एम४५ लावला तर सहाच्या आसपास बूस्टला साधारण हेच प्रमाण येतं, इंजिन लहान तर त्याहून कमी. ब्लोअरची पुली मोठी केली की बूस्ट कमी.

इथं मात्र सोलापूरचा फायदा आहे. पॉवरलूममुळं पुल्या, पट्टे, बेअरिंग, लेथ यांची आपल्याकडं कमी नाही, अक्कलकोट रोड एमआयडीसीत पुली टर्न करून देणारा आणि बॅलन्सचं कळणारा माणूस मिळतोच, आणि प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखी जगाच्या इंजिनांना कॅमशाफ्ट देणारी कंपनी पण इथलीच. फक्त दुकानदार लूमचा साधा व्ही-बेल्ट देईल तो घेऊ नका. लूमची मोटर साधारण एक हॉर्सपॉवरची, ब्लोअरला त्याच्या सात-आठपट पाहिजे, तो पट्टा घसरणार, जळणार. सहा रेघांचा रिब्ड बेल्ट, ताण द्यायला आयडलर, आणि लहान पुलीला पट्टा निम्म्याहून कमी गुंडाळला जाता कामा नये. क्रँक पुलीत मध्ये रबराचा थर असेल तर तो डॅम्पर आहे, क्रँकचे हादरे शोषणारा, शोभेचा नाही. तो काढून नुसती अल्युमिनियमची पुली लावू असं म्हणणाऱ्या टर्नरला तिथंच थांबवा.

पायरी ६: इंजिन तपासणी

कॉम्प्रेशन टेस्ट, इंजिन गरम असताना, सगळे प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडरमध्ये फरक किती हे महत्त्वाचं, दहा टक्क्यांच्या आत पाहिजे. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत घ्या, वाढला तर रिंगा गेल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. ऑइल प्रेशर गरम झाल्यावर बघायचं, थंड इंजिनाचं प्रेशर सगळ्यांचंच भारी असतं.

ट्रायम्फ असेल तर एवढं नक्की करा. बॉनेट उघडून क्रँकच्या पुलीवर टॉर्च धरा, इंजिन बंद, आणि दुसऱ्याला क्लच दाबायला सांगा. पुली पुढं सरकताना दिसते का बघा. ०.१५ ते ०.२ मिलिमीटरची हालचाल ठीक, ती डोळ्याला कळतसुद्धा नाही. डोळ्यानं स्पष्ट दिसली, "टक" असा आवाज आला, तर थ्रस्ट वॉशर झिजलेत किंवा खाली संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टबात) पडलेत आणि क्रँक ब्लॉकला घासतोय. विकणारा म्हणेल "थोडा प्ले असतोच". नसतो.

डिस्ट्रिब्युटर पॉइंटवाला असेल तर बूस्टमध्ये टायमिंग मागं घ्यायची, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पाडायची, सोय करावी लागणार, मोघम नियम दर पीएसआयला एक अंश. ते नंतरचं काम, पण डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हलतोय का ते आत्ता बघा.

ब्रेक, क्लच, मागचं क्राउन-पिनियन, टायर: हे सगळं चांगल्या अवस्थेत पाहिजे, बाकी जास्त लिहीत नाही. ताकद तिसऱ्या हिश्श्यानं वाढली तर ब्रेक तेच ठेवून कोणी चालवू नये एवढं कळतं सगळ्यांना.

पायरी ७: पेट्रोल

आता बहुतेक पंपांवर ई२० च मिळतं, वीस टक्के इथेनॉल, त्यातलं बरंचसं आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असेल. जुन्या गाडीवाले शिव्या घालतात, ब्लोअरवाल्यानं मात्र जरा थांबून विचार करावा. इथेनॉल ऑक्टेन वाढवतं आणि उडताना हवा थंड करतं, नॉकिंगसाठी हे चांगलंच. तोटा असा की साध्या पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला एक, ई२० ला ते साडेतेराच्या आसपास, म्हणजे कार्बोरेटरच्या जुन्याच जेटवर इंजिन लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालणार, आणि लीन अधिक बूस्ट म्हणजे परत पिस्टन. शिवाय जुने रबरी पाइप, पंपाचा डायाफ्राम, कार्बोरेटरचे सील हे इथेनॉल खातं, टाकीत पाणी धरून गंज चढवतं. म्हणून गाडी बघताना टाकीत टॉर्च मारा, पाइपला चिमटा घ्या, चिकट किंवा भेगाळलेला लागला की तेवढी रक्कम किमतीतून कमी करा. पूर्ण फ्युएल लाइन बदलायचा खर्च धरूनच घासाघीस करायची, आणि एक वाइडबँड मीटर लागणारच, त्याशिवाय बूस्टमध्ये मिक्स्चर किती आहे हे नाकानं कळत नाही.

पायरी ८: पैसे आणि नंतरचं वर्ष

गाडीला जेवढे घालणार तेवढेच बाजूला काढून ठेवा. नसतील तर स्वस्त गाडी घ्या, पण स्वस्त म्हणून गंजलेली घेऊ नका, इंजिन कुठलाही चांगला फिटर बांधतो, एमजीबीच्या दाराखालची सिल गंजली की पत्रेवाला आणि तुम्ही दोघं म्हातारे होता.

गाडी घरी आली की ब्लोअरची ऑर्डर लगेच देऊ नका, घरातले म्हणतील शहाणा झाला. एक पूर्ण उन्हाळा तशीच चालवा. होटगी रोड, विजापूर रोड, अधूनमधून अक्कलकोट. रेडिएटर रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई), सगळे होज, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, हे या काळात उरकून घ्या, आणि काटा, ऑइल प्रेशर, प्लगचा रंग वहीत लिहीत चला. प्लग कॉफीच्या रंगाचे येत असतील तर ठीक, पांढरे येत असतील तर अजून वेळ आहे. ब्लोअर मागवाल तेव्हा दोन पुल्या मागवा, एक हिशोबाची आणि एक त्यापेक्षा दहा मिमी मोठी. आधी मोठी लावायची, वाइडबँड बघत पुढचा मे काढायचा, मग लहानीचं बघू.